चौथं कडवं

आम्ही सौदीतल्या अल-खोबरला होतो त्यातल्या एका वर्षात माझे चार वाढदिवस साजरे झाले आणि त्यातला एकही खरा नव्हता. खरा आला तेव्हा आईने केक आणायला साफ नकार दिला. म्हणाली, "पुन्हा तुझ्या नावाचा केक नेला तर बेकरीवाल्याच्या डोक्यात काहीतरी येईल." तेरा पूर्ण होऊन चौदावं लागलं त्या दिवशी मला शिरा खाऊन गप्प बसावं लागलं. बाकी चारही वेळा मात्र टेबलावर केक होता, मेणबत्त्या होत्या, भिंतीला सेलोटेपने चिकटवलेला फुगा होता, आणि केकच्या भोवती पाच घरची माणसं दबक्या आवाजात प्रार्थना करत होती. आम्ही अहमदनगरकडचे मराठी ख्रिस्ती. पप्पा एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते. तिथं देऊळ नव्हतं, म्हणजे आमच्या बोलीतलं देऊळ, चर्च. आणि उघड उपासना करायची सोय नव्हती. सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच यायचा, दुपारी जेवणानंतर, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. दाराची बेल वाजलीच तर शास्त्रं, म्हणजे बायबलं, सोफ्याखाली सरकवायची, मेणबत्त्या पेटवायच्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवत 'हॅपी बर्थडे' म्हणायचं, अशी व्यवस्था ठरलेली होती. माझी पाळी नसेल त्या शुक्रवारी केकवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव असायचं.

ही व्यवस्था गायकवाडकाकांची. ते पप्पांच्याच कंपनीत सेफ्टीच्या कामावर होते आणि घरीही तेच काम करत. माणसांनी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने यायचं. चपला बाहेर काढायच्या नाहीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत न्यायच्या, कारण जिन्यात एका दारासमोर वीस चपला दिसल्या की कुणीही मोजतं. पडदे ओढायचे, एसी जोरात लावायचा, म्हणजे त्याच्या घरघरीत गाणं बुडून जाईल. पेटी नको, टाळ नको. मला बाहेर 'स्वाती' म्हणायचं हाही त्यांचाच नियम. माझं नाव सुवार्ता, म्हणजे चांगली बातमी. आमच्याकडे हे नाव ठेवतात. पण काकांना वाटे की कुणी अर्थ विचारला तर पंचाईत. गंमत अशी की शाळेतल्या एकाही मुलीला अर्थ कळत नव्हता. त्या केरळच्या, हैदराबादच्या, मला 'सू' म्हणायच्या. मी खिडकीजवळ बसून खालच्या गल्लीवर नजर ठेवायचे. कुणी पांढरा थोब, म्हणजे पायघोळ अरबी अंगरखा घातलेला माणूस इमारतीकडे बघत उभा राहिला की मी खोकायचे आणि गाणं थांबून मेणबत्त्या पेटायच्या. तो बिचारा गाडी लावायला जागा बघत असायचा. तोवर केकवरची एखादी मेणबत्ती पेटून अर्धी झालेली असायची, ती पुढच्या शुक्रवारसाठी डब्यात जायची. उपासनेनंतर मात्र जेवणाइतकाच मोठा चहा व्हायचा. आईने गावाहून बॅगेत भरून आणलेल्या बाजरीच्या पिठाच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सकाळचा उरलेला मटणाचा रस्सा, आणि त्याच ताटात कडेला केकचा तुकडा. रश्शात भिजलेल्या क्रीमची चव अजून माझ्या जिभेवर आहे आणि ती मुळीच वाईट नव्हती.

समोरच्या दारात हमीदाचाची राहायची. श्रीवर्धनकडची कोकणी मुसलमान, नवऱ्याचं खाली कोपऱ्यावर किराणा दुकान. आमची बैठकीची खोली आणि तिची झोपायची खोली, मध्ये एकच भिंत. चाची सारखी दारात. कधी लसूण मागायला, कधी तांदळाची वाफवलेली गोड सांदणं द्यायला, कधी उगाच. "काय गो, परत वाडदिवस?" ती मला विचारायची आणि डोळे बारीक करून हसायची. "मना वाटतंय तू दोन वरसांत म्हातारी होनार." हे ऐकून मी घरात पळायचे. आईला सांगितलं की ती काकांना सांगे, आणि काका मान हलवत म्हणत, "ती मोजतेय. जी बाई वाढदिवस मोजते ती साधी नाही." तेव्हापासून चाचीने दिलेली सांदणं आई थँक्यू म्हणून घ्यायची आणि आम्ही ती जरा घाबरतच खायचो. पण खायचो. इतकी मऊ सांदणं मी पुन्हा कुठं खाल्ली नाहीत.

खरं सांगायचं तर आमच्या दाराशी त्या सगळ्या वर्षांत चौकशीला कोणीही आलं नाही. अमक्याच्या घरी कोणी आलं होतं, तमक्याला रातोरात भारतात पाठवून दिलं, असं ऐकायला यायचं. पण तो अमका कोण हे विचारलं की सांगणारा म्हणे, मलाही दुसऱ्यानं सांगितलं. पप्पांची नोकरी, इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना, घर, माझी शाळा, सगळं कफिलाच्या, म्हणजे तिथल्या जामीन मालकाच्या, एका सहीवर होतं, हे मात्र खरं होतं. गावी दोन आत्यांची लग्नं व्हायची होती. म्हणून भीतीला हसायचं नाही असं मी आज स्वतःला बजावते. पण भीतीला एकदा घरात जागा दिली की ती सगळं घर वापरते. कुणी आमच्याशी प्रेमानं बोललं तरी आम्ही आधी विचार करायचो, याला काय हवंय.

उपासनेत पप्पांचा एक ठरलेला भाग असे. गायकवाडकाका शास्त्र वाचत, आणि मग पप्पा पणजोबांची गोष्ट सांगत. पणजोबा पहिल्या पिढीतले प्रचारक. एका गोऱ्या साहेबाबरोबर गावोगाव पायी हिंडायचे. साहेबाला मराठी जेमतेम, म्हणून तो चिंचेखाली छत्री उघडून बसायचा आणि पणजोबा टाळ घेऊन गायचे. लोकांना वाटे हा साहेब विहिरीत काहीतरी पूड टाकायला आलाय. त्यानं पोरांना वाटलेला गूळ आया हिसकावून घेत आणि आधी कुत्र्याला घालून बघत. त्याच्याकडे एक वही असे, तिच्यात तो भेटलेल्या माणसांची नावं लिहून घेई, रात्री प्रार्थनेत आठवावीत म्हणून. लोक म्हणत, त्या वहीत नाव गेलं की माणूस बाटला. एका गावात पणजोबांनी विहिरीवर पाणी मागितलं तर दगड आले. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं, तरी ते रक्त पुसत गात राहिले. पप्पा हे सांगताना उभे राहायचे. दर वेळी दगड थोडे मोठे व्हायचे आणि रक्तही वाढायचं, पण आम्ही कुणी कुरकुर करत नसू. बंद पडद्याआड, एसीच्या घरघरीत, आम्हाला ती गोष्ट हवी असायची. त्या गोष्टीमुळे सोफ्याखाली शास्त्र लपवणाऱ्या आम्हालाही आपण पणजोबांच्याच रांगेत उभे आहोत असं वाटायचं.

पणजोबा जे गायचे ते गाणंही आमच्याकडे होतं. ते कुठल्या छापील पुस्तकात मी पाहिलं नाही, घराण्यातच तोंडोतोंडी आलेलं. चार कडवी. पहिल्यात एक माणूस उन्हातून चालतोय, पाय भाजतायत. दुसऱ्यात त्याची तहान, कोरडा ओढा, आणि बंद दारं. तिसऱ्यात त्याला विहीर सापडते. आणि चौथ्यात ते पाणी पाजणारा कोण, त्याचं नाव. पहिली तीन कडवी आम्ही जरा मोकळ्या आवाजात म्हणायचो, कारण त्यात काही धोक्याचं नव्हतं. कुणालाही वाटावं शेतातलं गाणं आहे. चौथं आलं की काका हात खाली करायचे आणि आम्ही सगळे नुसते ओठ हलवल्यासारखं म्हणायचो. प्रभूचं नाव भिंतीला ऐकू जाऊ नये म्हणून.

तेच गाणं मी एकदा भाजीबाजारात गुणगुणले. पप्पा कोबी निवडत होते आणि मी कंटाळून, लक्ष नसताना, दुसऱ्या कडव्याशी आले होते. तेवढ्यात शेजारी कांदे भरणारा एक माणूस माझ्यामागून पुढची ओळ म्हणाला. अगदी त्याच चालीत. मी दचकले, पप्पांच्या हातातून कोबी पडला. माणूस तिशीचा असेल, उन्हानं रापलेला, अंगात कंपनीचा निळा शर्ट. त्याच्या तोंडावर इतका आनंद होता की पप्पा दोन पावलं मागे सरकले.

"साहेब, हे गाणं तुमाला येतं?" तो म्हणाला. "मी भागवत. बीडकडचा. क्रेनवर हाय हितं."

"कुठलं गाणं? पोरगी काहीतरी सिनेमातलं म्हणत होती," पप्पा म्हणाले.

"न्हाई न्हाई. हे आमच्या मायचं गाणं हाय. तिच्या आज्जीनं शिकवलेलं. आमच्या गावात लई वर्षांमागं एक गाणारा आलता म्हणत्यात. दोन कडवी झाली अन् लोकांनी हाणून पळवून लावला त्याला. आज्जी तवा पोर होती, तिनं दोनच पाठ केली. तवापासून आमच्या घरात दोनच. माय आता अंथरुणाला खिळलीय. दिवसभर तेच म्हणती, अन् म्हणती, भागवता, पुढं काय व्हतं रं?" त्यानं खिशातून एक छोटी डायरी काढली आणि पेन शोधायला लागला. "पुढचं सांगता का? मी लिहून घेतो. गावच्या दुकानात फोन हाय. मायला ऐकवतो."

डायरी बघितली आणि पप्पांचा चेहरा पालटला. ते म्हणाले, आम्हाला उशीर होतोय. भागवतने न विचारता आमची कांद्याची गोणी खांद्यावर घेतली आणि बोलत बोलत इमारतीपर्यंत आला, पार दुसऱ्या मजल्यापर्यंत. दारात गोणी ठेवून म्हणाला, येत्या शनिवारी कंपनी त्याला खमीस मुशैतला पाठवतेय, पार दुसऱ्या टोकाला. त्याआधी शुक्रवारी येऊ का? पप्पा म्हणाले, "बघू." आपल्याकडे 'बघू' म्हणजे नाही. पप्पांना तेच म्हणायचं होतं. पण ज्याला गरज असते तो 'बघू' म्हणजे 'ये' असं ऐकतो. भागवत हात जोडून, हसत, दोन-दोन पायऱ्या सोडत खाली गेला. समोरच्या दाराची साखळी किंचित वाजली आणि चाचीचा डोळा दिसला.

काकांना बोलावून घेतलं. त्यांनी सगळं दोनदा ऐकलं. "गाणं शोधायला कुणी सौदीला येतं का?" ते म्हणाले. "आणि क्रेनवरचा माणूस, नखं एवढी स्वच्छ? वही बाळगतो? दारापर्यंत आला? त्याला गाणं नको आहे, त्याला घर बघायचं होतं. बघून झालं." मी म्हटलं, पण त्याला दोन कडवी येत होती. काका म्हणाले, "दोनच कशी? माहिती काढणारा नेहमी अर्धं माहीत असल्याचं दाखवतो." हे इतकं पटण्यासारखं वाटलं की मला स्वतःचीच लाज वाटली, कारण गुणगुणले मी होते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी उरलेली दोन कडवी कागदावर लिहून देते. खाली दुकानात ठेवू. घेईल आणि जाईल." "तुमच्या हस्ताक्षरात?" काका ओरडले. "सुमतीबाई, तो कागद म्हणजे पुरावा!" आईने पप्पांकडे पाहिलं. रक्त पुसत गाणाऱ्या पणजोबांची गोष्ट उभं राहून सांगणारे माझे पप्पा सेंटर टेबलवरच्या पेपरची घडी करत होते. त्यांनी ती चार वेळा केली. पप्पांचा मला त्या दिवशी राग आला, तो पुढं कित्येक वर्षं गेला नाही. आणि मग मी स्वतः काय केलं ते आठवलं की तो आपोआप विझतो.

शुक्रवारी खरं तर जमायचं नाही असं काकांचं मत होतं, पण अचानक बंद केलं तर तेही संशयास्पद, म्हणून सगळे जमले. केक आला, त्यावर 'स्वाती' लिहिलेलं. गाणं तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला असताना बेल वाजली. क्षणात शास्त्रं गेली, मेणबत्त्या पेटल्या, टाळ्या सुरू झाल्या. वीस मोठी माणसं कपाळावर घाम घेऊन 'हॅपी बर्थडे' म्हणतायत, हे दृश्य आज हसू आणतं. काकांनी मला दाराकडे ढकललं. वाढदिवस माझा होता ना. मी दार उघडलं नाही, नुसती दाराला टेकले.

"ताई, मी भागवत. बाजारातला. साहेब हायेत का?"

"पप्पा घरी नाहीत," मी म्हटलं. आत पप्पांच्या टाळ्या चालूच होत्या.

"आता गाणं आलं कानावर. तेच व्हतं ना?"

"नाही. ते वेगळं. माझा वाढदिवस आहे."

"हां? देव तुझं भलं करो." तो म्हणाला. "ताई, तू दार उघडू नको. एवढंच सांग, त्यो चालणारा माणूस... त्याला पुढं पाणी भेटतं का?"

मी मागे बघितलं. काका मानेनं नाही म्हणत होते. आई तोंडावर पदर धरून उभी होती.

"मला गाणं येत नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. मग दाराच्या फटीतून काहीतरी आत सरकलं. एक टॉफी होती, खिशात राहून चपटी झालेली. "वाढदिवसाची," बाहेरून आवाज आला. मी वाकून उचलली तर काकांनी माझ्या हातातून काढून घेतली. "खायची नाही. काय माहीत काय असेल." ती कचऱ्याच्या डब्यात गेली. घरात कुत्रा नव्हता, एवढंच. त्या दिवशी चौथं कडवं झालं नाही आणि पप्पांनी गोष्टही सांगितली नाही. त्यानंतर कधीच सांगितली नाही.

आठवडा काही घडेल या धास्तीत गेला. काही घडलं नाही. मग एके दुपारी मी शाळेतून येताना चाचीने हात धरून मला घरात ओढलं. तिनं मला पलंगावर बसवलं, समोर सांदणांची ताटली ठेवली.

"त्या दिवशी तुमच्या दारात मानूस आलेला," ती म्हणाली. "जिन्यात बसून राहिला. रडत होता, मोटा बाप्या. मी पानी दिला त्याला. म्हनला, चाची, गानं पायजेल आयेसाठी. मी म्हटला, मना गायला नाय येत, पन भिंतीतनं जेवडा येतंय तेवडा ठाव हाय." चाची भिंतीकडे बोट करून हसली. "दोन वरसं ऐकतंय गो मी. मराठीच तर हाय, मना नाय कलनार? तीन सांगितली त्याला. विहिरीवाली पन. लिवून घेतली त्यानं. लय खूश झाला. पानी भेटला, पानी भेटला, असा म्हनत गेला."

मी हातातलं सांदण ताटलीत परत ठेवलं. दोन वर्षं. प्रत्येक शुक्रवार. तिनं मनात आणलं असतं तर एका शब्दात आमचं सगळं खलास झालं असतं.

"मना विचारला त्यानं, पानी दिला कोनी? मी म्हटला, ते चौथ्यात असनार. चौथा आला का ही लोकं हलू बोलतात, मना ऐकायला येत नाय." चाची माझ्याजवळ सरकली. तिच्या डोळ्यांत नुसती पोरासारखी उत्सुकता होती. "काय गो हाय चौथ्यात? सांग तरी. कोन देतं पानी?"

दाराची साखळी लावलेली नव्हती. काका नव्हते, पप्पा नव्हते. समोर ती बाई होती जिनं आमचं गुपित दोन वर्षं स्वतःच्या भिंतीआड सांभाळलं होतं. कुणी आपणहून इतक्या मनापासून विचारावं, यासाठी आमचे पणजोबा दगड खात हिंडले होते. आणि माझ्या डोक्यात काकांचं वाक्य आलं: माहिती काढणारा नेहमी अर्धं माहीत असल्याचं दाखवतो.

"मला नाही येत, चाची," मी म्हटलं.

मग तिनं माझ्या ताटलीत आणखी एक सांदण ठेवलं. "नको सांगू," ती म्हणाली. "भीती वाटते ना? वाटू दे. खा तू."

आता मी रियाधला लेकीच्या घरी बसून हे लिहितेय. ती इथं बँकेत आहे, स्वतः गाडी चालवत कामाला जाते. तिच्या मुलाला मी गाणं शिकवायला गेले तर तो म्हणतो, "आजी, लेटर." चाची जाऊन बरीच वर्षं झाली. भागवतची माय त्या वर्षी किती जगली, मला माहीत नाही. त्यांच्या गावातून हाकलला गेलेला गाणारा आमचेच पणजोबा होते का? नसावेत. त्या काळी असे हाकलले गेलेले पुष्कळ होते. प्रभूच्या पट्टशिष्यानं भीतीनं त्याची ओळख तीनदा नाकारली, ते वचन गुड फ्रायडेला वाचतात तेव्हा मी मान खाली घालते. त्यानं तीनदा नाकारलं, मी चारदा. आणि चौथ्या वेळी, चाचीच्या खोलीत, भिण्यासारखं दारावर कुणीही नव्हतं. आमच्या घराण्याचं गाणं बीडच्या त्या अंथरुणापर्यंत पोचलं असलं तर ते श्रीवर्धनच्या मुसलमान बाईमुळे, तेही भिंतीतून जेवढं झिरपलं तेवढंच. त्या माउलीला विहीर मिळाली असेल. पाणी कुणी दिलं ते मात्र तिला कुणी सांगितलं नाही. ते कडवं चार ओळींचं आहे, मला तोंडपाठ आहे, आणि ते अजून माझ्यापाशीच पडून आहे.